दोह्यात चाललेला मुंबईचा रुपया

तेल सापडण्याआधी कतार मोत्यांवर जगायचं आणि मोत्यांचा हिशोब व्हायचा आपल्या रुपयांत. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया हाती आला तर मागच्या बाजूला, तळाशी बारीक ठिपका शोधा. तो मुंबई टांकसाळीचा.

संग्राहक मात्र आरशासारख्या प्रूफ नाण्यांमागे असतात. गंमत म्हणजे टांकसाळीने जुन्या सालांची प्रूफ नाणी नंतरही पाडून विकली, त्यामुळे नाण्यावरचं साल हा पुरावा नव्हे! झिजलेल्या रुपयाला ग्रेड कमी मिळते, पण बाजार पाहिलाय तो त्यानेच. त्याला घासून चमकवू नका, किंमतही जाते.

1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा आल्या. 1966 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि कतारने तो सोडला.