जयगड गाडीतल्या माणसांची आठवण कुणी ठेवायची?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. एक राजापूर–बोरिवली आणि दुसरी जयगड–मुंबई. चालक-वाहक धरून दोन्ही गाड्यांत २२ माणसे होती. खासगी वाहनांतली माणसे धरली तर मृत आणि बेपत्ता मिळून आकडा चाळीसच्या आसपास गेला. पूल १९२८ सालचा, दगडी कमानींचा. दुर्घटनेच्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन तो वाहतुकीला सुरक्षित असल्याचे सांगण्यात आले होते. शेजारी नवा पूल उभारायला १६५ दिवस लागले आणि ५ जून २०१७ रोजी तो खुला झाला. मुंबई–गोवा रस्ता पुन्हा धावू लागला. पण जयगडहून संध्याकाळी निघालेली आणि मुंबईला कधीच न पोहोचलेली ती माणसे गावाच्या इतिहासात कुठे नोंदली जातात, हा प्रश्न पुलाने सुटत नाही. अपघातात गेलेल्यांची आठवण एकट्या घरावर सोपवली तर ती एका-दोन पिढ्यांत विझते, आणि एकट्या सरकारवर सोपवली तर ती मदतीच्या धनादेशापाशी थांबते. ती टिकवायला एखादा समूह लागतो. गेलेल्याला आपला सदस्य मानणारा, दरवर्षी नाव घेणारा आणि मागे उरलेल्यांचा भार उचलणारा समूह. कोकणात असा समूह घडवण्याचे सगळे साहित्य आहे. ते एकत्र आणलेले नाही, इतकेच.

हा प्रश्न कोकणाला नवा नाही. शास्त्री नदीच्या मुखावरचे जयगड हे मुंबई–गोवा आगबोटींचे जुने बंदर. रस्ते धड नव्हते तेव्हा रत्नागिरीचा चाकरमानी याच वाटेने ये-जा करायचा. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतारू चढायचे-उतरायचे. स्वदेशीच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या सहकारी कंपनीला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, इतकी ती आपली वाटे. त्याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी, बुडाल्या. वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला, ‘रामदास’ मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. सहाशेहून अधिक गेली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्या लोटून जमतील तेवढे जीव वाचवले. महिन्याभराने देश स्वतंत्र झाला आणि त्या गजरात ‘रामदास’ मागे पडली. पुढे ती जिवंत राहिली ती वाचलेल्यांच्या तोंडून आणि काही लेखकांच्या चिकाटीमुळे. भारताच्या किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या प्रवासी जलदुर्घटनांपैकी ही एक, तरी शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून तिच्याबद्दल कळलेला मराठी माणूस सापडणे कठीण. मृत्यूंची संख्या मोठी असली म्हणजे आठवण आपोआप टिकते, हा समज ‘रामदास’ने खोटा ठरवला.

या दोन घटनांत तिथीचे साम्य आहे. ‘रामदास’चा दिवस आषाढ अमावस्येचा, दिव्याच्या अवसेचा, म्हणून सांगितला जातो, सावित्रीचा पूल पडला ती रात्रही आषाढ अमावस्येचीच होती, दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. यावरून अवसेला अपशकुनी ठरवण्याचे कारण नाही. आषाढ सरताना पाऊस भरात असतो, अवसेला समुद्राला उधाण येते आणि खाडीचे पाणी वर चढून पुराच्या पाण्याला उतरू देत नाही. धोका ठाऊक असलेल्या दिवसांत बोट सोडली गेली, पूल उघडा राहिला, आणि ही माणसांची निवड होती. पण तिथी जुळल्याने एक सोय मात्र झाली आहे. आपल्याकडे मृताची आठवण तारखेने नव्हे, तिथीने धरली जाते. आणि या तिथीला घरोघरी बाया दिवे घासून, उजळून त्यांची पूजा करतात. समूहाने स्मरण करायचे ठरवले तर दिवस शोधायला लागणार नाही.

अपमृत्यूसाठी परंपरेने काय योजले आहे, हेही पाहायला हवे. पितृपक्षातली भाद्रपद वद्य चतुर्दशी, म्हणजे घातचतुर्दशी, शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांच्या श्राद्धासाठी राखलेली आहे. देह सापडलाच नाही तर पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याचा विधी शास्त्राने सांगितला आहे. सावित्रीतल्या काहींचे देह वाहत थेट समुद्राच्या तोंडापर्यंत गेले, काहींचे हाती लागलेच नाहीत. अशा घरांना हा विधी केवढा आधार देतो, हे कुणी हलक्याने घेऊ नये. तो शोधाला शेवट देतो. पण हे विधी एकेका कुळाचे आहेत. चालकाच्या घरचे श्राद्ध चालकाचे, शेजारच्या आसनावरच्या उतारूचे त्याच्या घरचे. एकाच गाडीतून, एकाच क्षणी गेलेली माणसे पिंडाच्या वेळी पुन्हा एकमेकांना परकी होतात.

बायकांच्या आठवणीचा तर स्वतंत्र विचार करायला हवा, कारण आपल्या परंपरेत त्यांच्यासाठी वेगळा दिवस आहे. भाद्रपद वद्य नवमी ही अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात. एका बाईची आठवण दुसऱ्या बाईच्या पानातून आणि पदरातून राखणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. भगिनीभावाचे इतके सुंदर रूप इतर विधींत क्वचित सापडेल. पण तिच्यातच तिची मर्यादा आहे. ज्या बाईचा नवरा आधी गेला तिला ही नवमी नाही, लग्न न झालेलीला नाही, आणि अनेक घरांत नवऱ्याच्या पश्चात ती करणेही थांबते. म्हणजे बाईची आठवण बाई जपते खरी, पण किती काळ जपायची हे पुरुषाच्या आयुष्यावर ठरते. ज्या दुर्घटनेत कुणाची बायको गेली, कुणाची विधवा आई, कुणाची कॉलेजात शिकणारी मुलगी, तिथे ही रीत त्यांतल्या एकीलाच ओळखणार.

जगात इतरत्र काय झाले, याकडे या ठिकाणी वळणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत विद्यापीठांतल्या मुलींच्या भगिनीसंस्था आहेत. त्यांतली कृष्णवर्णीय स्त्रियांची सर्वांत जुनी ‘अल्फा कप्पा अल्फा’ १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. तिथे आयव्हीची वेल हे सदस्यत्वाचे प्रतीक आहे आणि निधन पावलेल्या सदस्येला ‘भिंतीपलीकडची आयव्ही’ म्हणतात. सदस्यत्व मृत्यूने संपत नाही, ते पलीकडे जाते. तिच्यासाठीचा विधी भगिनीच करतात. ती कुणाची बायको होती की नव्हती, हा प्रश्न येत नाही. दुसरे उदाहरण सिरॅक्यूज विद्यापीठाचे. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर बॉम्बस्फोटाने विमान कोसळले. २७० जण गेले, त्यांत त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातले ३५ विद्यार्थी होते. तेव्हापासून तिथे दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या ३५ विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते आणि प्रत्येकाने मृतांपैकी एकाचे प्रतिनिधित्व वर्षभर करायचे असते. शिवाय लॉकरबी गावातल्या दोन मुलांना दरवर्षी तिथे शिकायला बोलावण्याची रीतही त्यातूनच सुरू झाली. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी मुले आज त्या ३५ जणांना नावाने ओळखतात. या दोन्ही ठिकाणी स्मृती टिकली ती दगडामुळे नव्हे. नाव कुणीतरी अंगावर घेतले आणि त्या नावाबरोबर एक काम घेतले, म्हणून ती टिकली.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. विद्यापीठ किंवा भगिनीसंस्था हा ठरवून बांधलेला समूह, एस.टी.तले उतारू तर योगायोगाने एकत्र आलेले. त्यांची कसली संस्था? पण जयगडची गाडी म्हणजे नुसता योगायोग नाही. कोकणातून सुटणाऱ्या मुंबईच्या गाडीला स्वतःचे समाजजीवन असते. तिच्यातून चाकरमानी जातात, गणपतीला परत येतात, आजारी माणूस मुंबईच्या इस्पितळात जातो, तांदूळ आणि आमसुलाच्या पिशव्या जातात. गावाचे मुंबईतले मंडळ, गिरणगावातली गावाच्या नावाची खोली, ही त्याच वाटेवरची ठाणी होती. त्याच गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. एकेकटी, कर्जबाजारी, एकमेकींना धड न ओळखणारी बाई तिथे सदस्य झाली. एकमेकांशी नाते नसलेली माणसे संस्था होऊ शकतात, हे कोकणच्या मुंबईने स्वतः करून दाखवले आहे. आज बचत गट जवळजवळ प्रत्येक वाडीत आहेत. नियमित बैठक, हजेरीची वही, सामायिक पैसा: स्मृती राखायला लागणारी यंत्रणा तिथे तयार आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दुःख खासगी असते. दरवर्षी चारचौघांत नाव घेणे म्हणजे खपली काढणे. हे काही घरांच्या बाबतीत खरे आहे आणि ज्यांना नको त्यांना ओढून आणण्याचा अधिकार कुणालाही नाही. परंतु आपल्या समाजात गप्प बसण्याचा भार सारखा वाटला जात नाही. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवातून, ओटीतून, मंगलकार्याच्या पुढच्या रांगेतून बाजूला काढले जाते. तिचे दुःख खासगी ठेवले जाते असे नव्हे, तर तिला त्याच्यासकट कोपऱ्यात ठेवले जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवण्यास सांगितले. अपघातातल्या मृतांच्या स्मरणाशी या ठरावाचा थेट संबंध आहे. गेलेल्या पुरुषाला आदरांजली वाहायची आणि त्याच्या पत्नीला दिवा लावायला पुढे येऊ द्यायचे नाही, अशी आठवण त्या पुरुषाचाही अपमान करते. जिथे ती पुढे उभी असेल, तिथेच स्मरणाला काही अर्थ आहे.

तिसरा आक्षेप असा की, स्मरण हा जबाबदारी टाळण्याचा मार्ग होतो; फुले वाहिली की पुलाचा हिशेब मागे पडतो. हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो आणि जयगडच्याच एका आख्यायिकेत तो दिसतो. किल्ल्याची तटबंदी उभारताना पुन्हा पुन्हा ढासळत होती, तेव्हा जयबा नावाच्या महार तरुणाने किल्ल्याला आपले नाव मिळावे या अटीवर स्वतःला पायात गाडून घेतले, असे सांगतात. किल्ल्यात त्याचे स्थान दाखवले जाते. आख्यायिका म्हणून ती हृदयस्पर्शी आहे, पण तिचे तर्कशास्त्र भयंकर आहे: बांधकाम टिकण्यासाठी माणूस जावा लागतो, आणि जाणारा तळातल्या जातीचा असतो. सावित्रीतल्या माणसांची आठवण या साच्यात बसवता कामा नये. त्यांनी बलिदान केले नाही, ती हुतात्मे नाहीत. त्यांनी तिकीट काढले होते आणि सुखरूप पोहोचण्याचा त्यांचा हक्क होता. म्हणून त्यांचे स्मरण कारणासकट व्हायला हवे. नावांच्या यादीशेजारी आपल्या रस्त्यावरच्या पुलांच्या तपासणीचा अहवाल असावा: कोणता पूल केव्हा पाहिला, कुणी पाहिला, पुरात तो कोणत्या पातळीला बंद होणार. असे स्मरण जबाबदारी विसरू देत नाही. ते दरवर्षी तिची मागणी करते.

या सगळ्यातून एक साधी गोष्ट सुचते आणि तिला सरकारी मंजुरी लागत नाही. दिव्याच्या अवसेला जयगड आणि आसपासच्या वाड्यांतल्या बचत गटांनी आपली बैठक ठेवावी. ज्या घरांची संमती असेल त्यांच्या माणसांची नावे वाचावीत, चालक-वाहकांसकट, राजापूरच्या गाडीतल्यांसकट, आणि ‘रामदास’चेही नाव घ्यावे. अविधवा नवमीतली ओटी आणि पान तिथे आणावे, सवाष्णपणाची अट मात्र बाहेर ठेवावी. प्रत्येक नाव एकेका गटाने सांभाळावे: त्या घरातल्या मुलांचे शिक्षण, अडलेले कागदपत्र, म्हातारी माणसे यांची चौकशी ही त्या गटाची वर्षभराची जबाबदारी असावी. आणि ग्रामसभेत पुलांचा अहवाल मागणारा ठराव त्याच बायकांनी मांडावा. सिरॅक्यूजच्या मुलांना जे एका विद्यापीठाने दिले ते आपल्या माणसांना देण्याइतकी संस्थाबुद्धी कोकणच्या बायकांपाशी आहे, ती त्यांनी खानावळीपासून बचत गटापर्यंत सिद्ध केली आहे. उशीर झालेला असला तरी आठवण ठेवण्याची वेळ टळलेली नाही, कारण ती दोन्ही गाड्यांतल्या माणसांची घरे अजून आपल्यातच आहेत.