सेवाग्रामची मातीची भिंत आणि आपलं घरकुल

सेवाग्रामला गेलो की मी आदि निवासासमोर थोडा थांबतोच. १९३६ मध्ये, गावाचं नाव शेगाव असताना, हे घर उभं राहिलं. माती, बांबू, कवेलू, सामान इथलंच. पुढे १९७६ मध्ये वर्ध्यातच देवेंद्रकुमारांनी सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस काढलं आणि मातीच्या स्वस्त, टिकाऊ घरांचे प्रयोग सुरू झाले.

मग आपण मातीला गरिबी समजलो. २०१६ च्या घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार ठरले. रेती-सिमेंटच्या भावात तेवढ्यात होतं काय?

२०२५ मध्ये राज्याने २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं धोरण आणलं. आमदार साहेब, आकडा बरा आहे. पण वर्ध्याने शिकवलेलं त्यात कुठे आहे?