केगावच्या माळाची कुळकथा

वळसंग अक्कलकोट रस्त्याला, विद्यापीठ पुणे रस्त्याला. वळसंगच्या पोराला एम.ए.च्या वर्गात बसायचं तर अख्खं सोलापूर ओलांडून केगाव गाठावं लागतं. तरीही सकाळी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून निघालेला पोरगा रात्रीच्या जेवणाला घरी असतो. केगावचं खरं मोल मला यातच दिसतं, कारण विद्यापीठ इतकं जवळ यायला दीड शतक जावं लागलं.

आधी विद्यापीठ म्हणजे मुंबई, १८५७ सालचं. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० साली निघालं, पण पदवी द्यायची ती मुंबईनेच. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि अंतर थोडं घटलं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ निघालं, तेव्हा सोलापूर जिल्हा कोल्हापूरला जोडला गेला. कॉलेज गावात, विद्यापीठ मात्र परजिल्ह्यात. विद्यापीठात काम अडलं की कोल्हापूरची एसटी धरायची. एकटीने बाहेरगावी राहायची परवानगी नसलेल्या कितीतरी मुलींचं शिक्षण बी.ए.वरच थांबलं ते या अंतरापायी.

केगावला शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्याचंच १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ झालं. एकाच जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ कशाला, असं कुणी विचारलं तर अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतचा नकाशा त्याच्यापुढे ठेवावा. २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, आणि केगावच्या अलीकडे, बाळ्यातही खंडोबाच आहे. चंपाषष्ठीला तिथे भंडारा उधळतो. पुणे रस्त्याने विद्यापीठाकडे जाताना आधी खंडोबा लागतो, मग अहिल्यादेवींचं नाव दिसतं. हा शेजार मला फार आवडतो.

विद्यापीठाच्या पंचक्रोशीत पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, हिरज रस्त्याला विज्ञान केंद्र आहे. शाळकरी मुलांना घेऊन गेलात तर विज्ञान केंद्र चुकवू नका. पण या माळाशी सर्वांत घट्ट नातं आहे ते राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं. २००५ मध्ये ते सोलापूरला सुरू झालं ते इथल्या बागांमुळेच. कमी पाण्याच्या, मुरमाड जमिनीत डाळिंब तग धरतं. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, छाटणी करून खतपाणी द्यायचं आणि बहार धरायचा. मृग, हस्त की आंबे, हे विहिरीत पाणी किती यावर ठरतं. त्यातच तेल्याची धास्ती. पानांवर तेलकट डाग दिसतात, मग फळांवर काळे चट्टे उमटतात आणि फळ तडकतं. हा जिवाणूजन्य रोग पावसाळी, दमट हवेत भराभर पसरतो, म्हणून मृग बहार धरणारा शेतकरी पावसाळाभर बागेत चकरा मारत राहतो. केंद्राचं बरंचसं संशोधन या तेल्यावर चालतं.

वळसंगकडच्या अनेक घरांत कन्नड बोलतात, शहरातल्या पूर्व भागात तेलुगू, आणि विद्यापीठाच्या वर्गात सगळे मराठीवर येतात. विद्यापीठ कोल्हापूरला होतं तेव्हाही ही पोरं हुशारच होती. तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं ते खोलीभाडं आणि खानावळीचे पैसे. आता एसटीच्या पासात भागतं.