'कसा होता पिक्चर?' : एका साध्या प्रश्नाचा इतिहास

आजच्या भागात किल्ले नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आज एका प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. तो प्रश्न म्हणजे, 'कसा होता पिक्चर?'

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रविवारी रात्री हा प्रश्न हमखास येतो. उत्तरंही ठरलेली असतात. काका लिहितात, 'वन टाइम वॉच'. मावसबहीण तीन रडके चेहरे टाकते. माझा धाकटा भाऊ पिक्चर न बघताच 'ओव्हररेटेड' म्हणून मोकळा होतो. मग ज्याने अजून पाहिला नाही तो चिडतो, 'अरे, शेवट सांगू नका रे!'

आपल्याला वाटतं हा सगळा टाइमपास आहे. समीक्षक वेगळे, त्यांना सिनेमातलं कळतं. आपण आपलं सहज बोलतो. सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं वाचली तर तिथेही हेच दिसतं. दिग्दर्शक, नट, स्टुडिओ, पुरस्कार, सगळं आहे. तिकीट काढून खुर्चीत बसलेला माणूस मात्र कुठेच नाही. पण थोडं खोदलं की तो सापडतो, आणि अगदी सुरुवातीलाच सापडतो.

साल 1911. एप्रिल महिना, ईस्टरचे दिवस. मुंबईत गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस नावाचं थिएटर होतं. धुंडिराज गोविंद फाळके, वय जवळपास 41, छपाईच्या धंद्यातल्या भागीदारीतून नुकतेच बाहेर पडलेले. ते आपला मुलगा भालचंद्र याला घेऊन पिक्चर बघायला गेले. पिक्चर प्राण्यांचा होता. पडद्यावर प्राणी चालताहेत, धावताहेत! पोरगं घरी आलं आणि त्याने आईला सगळं सांगितलं. आता विचार करा, ज्या बाईने हलतं चित्र कधी पाहिलंच नाही, तिला हे पटणार कसं? घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. मग फाळके दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन त्याच थिएटरला गेले. पण ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी प्राण्यांऐवजी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट लागला होता.

पुढचं तुम्ही शाळेत वाचलंय. पडद्यावर ख्रिस्त बघताना फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देवांना असं पडद्यावर कधी बघायला मिळणार, या विचाराने त्यांना पछाडलं. हे त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत लिहून ठेवलंय. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकणं आलं, 1912 ची लंडनवारी आली, कॅमेरा आला, आणि सरस्वतीबाई घरी बसून फिल्मला भोकं पाडू लागल्या. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला.

मला यातला पहिला भाग जास्त आवडतो. एका पोराने घरी येऊन पिक्चर कसा होता ते सांगितलं, आणि आईला ते खरं वाटलं नाही. तिने 'हो का, छान' म्हणून विषय संपवला असता तर? दुसऱ्या दिवशी कुणी गेलंच नसतं. म्हणजे आपल्याकडचा सिनेमा एका फसलेल्या रिव्ह्यूमुळे सुरू झाला, असं म्हणायला माझी काही हरकत नाही.

आता प्रेक्षकांचं ऐकू. फाळक्यांचे सिनेमे गावोगाव गेले तेव्हाची सुरतेची एक गोष्ट सांगतात. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची सवय होती. आणि हे नवीन खेळवाले दीड तासाच्या खेळाला तीन आणे मागत होते. लोकांनी सरळ हिशेब केला आणि पाठ फिरवली. पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये! फाळके डोकेबाज माणूस. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. लोक आले. 'पैसा वसूल' हा शब्द आपण फार मॉडर्न समजतो, पण तो निकष तेव्हापासूनचा आहे.

1917 ला 'लंका दहन' आला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या. तरी पडद्यावर राम आला की लोक पायांतल्या चपला काढत, असं वर्णन येतं. हेही एक मतच आहे, फक्त तोंडाने न सांगितलेलं. फाईव्ह स्टार देणं सोपं असतं हो, बूट काढून बसणं अवघड.

इथून आपण थेट दहा वर्षं पुढे जाऊ, कारण 1927 मध्ये एक भन्नाट प्रकार घडला. सरकारने लोकांना अधिकृतपणे विचारलं, पिक्चर कसा असतो?

झालं असं, की तेव्हा आपल्याकडे लागणारे बहुतेक सिनेमे अमेरिकन होते. त्यात गोऱ्या बायका नाचतात, चुंबनं घेतात, गोरे लोक दारू पिऊन मारामाऱ्या करतात. ब्रिटिशांना धास्ती पडली, की हे बघून हिंदुस्थानी माणसाच्या मनातला साहेबाचा दरारा संपेल. शिवाय अमेरिकेऐवजी साम्राज्यातले सिनेमे इथे चालावेत हा धंद्याचा हिशेबही होताच. म्हणून एक समिती नेमली, इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी. अध्यक्ष मद्रासचे वकील दिवाण बहादूर टी. रंगाचारियार. या समितीने 4325 प्रश्नपत्रिका देशभर पाठवल्या, मुंबई, लाहोर, कलकत्ता, मद्रास ते थेट रंगूनपर्यंत प्रवास केला आणि 353 साक्षीदार तपासले. आजच्या भाषेत हा देशातला पहिला मोठा ऑडियन्स सर्व्हे!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार खूश झालो. म्हटलं, चला, आता शंभर वर्षांपूर्वीचे प्रेक्षक काय बोलायचे ते कळेल. साक्षींचे खंडच्या खंड छापलेत. पण साक्षीदार कोण आहेत बघा. सरकारी अधिकारी, सेन्सॉरवाले, निर्माते, थिएटरमालक, वकील, संपादक, शिक्षक, मिशनरी. यातले कितीतरी लोक स्वतःला काय आवडलं ते सांगतच नाहीत. 'अशिक्षित वर्गावर' सिनेमाचा काय परिणाम होतो, याची काळजी करतात. तो अशिक्षित वर्ग मात्र तेव्हा थिएटरात पडद्याच्या अगदी पुढे, सगळ्यात स्वस्त जागेवर बसलेला होता. सिनेमा मुका, मधे मधे अक्षरांच्या पाट्या यायच्या. ज्याला वाचता यायचं तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि त्यावर ओरडायचे, हसायचे, शिट्ट्या मारायचे. पडद्यावर आवाज नव्हता, पण थिएटर शांत अजिबात नव्हतं. या माणसांचं काय मत होतं? ते त्यांनाच विचारायला हवं होतं.

सगळ्यात मजेशीर उत्तर गांधीजींचं आहे. त्यांनी कळवलं, की मी कधी सिनेमाला गेलेलो नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला अपात्र आहे. पण बाहेरून बघणाऱ्यालाही सिनेमाने केलेलं नुकसान स्पष्ट दिसतं. माझ्या भावाला हे सांगितल्यापासून तो फार जोरात आहे. न बघता मत देण्याची परंपरा किती थोर आहे बघा! (पुढे 1944 मध्ये जुहूला गांधीजींना 'रामराज्य' दाखवला गेला, हे भावाला मुद्दाम सांगितलेलं नाही.)

समितीला मात्र दाद द्यायला हवी. सगळं ऐकून तिने 1928 मध्ये अहवाल दिला, त्यात साम्राज्यातल्या सिनेमांना खास सवलत द्यायला नकार दिला. उलट म्हटलं, की इथल्या सिनेमाला मदत करा. इथल्या लोकांना इथल्या गोष्टी बघायला आवडतात, हे एवढ्या साक्षींनंतर लपणारं नव्हतंच. सरकारला हे उत्तर नको होतं. अहवाल बाजूला पडला.

तर मुद्दा असा, की साधा प्रेक्षक नेमकं काय म्हणाला हे कागदावर फारसं येत नाही. ते दुसरीकडे शोधावं लागतं. मी दिवसा सॉफ्टवेअरचं काम करतो, तिथे आम्हाला हेच शिकवतात: युजर काय बोलतो यापेक्षा तो काय करतो ते बघा. बटण कुठे दाबलं, कुठे थांबला, कुठून परत गेला. मला वाटायचं ही आमच्या पिढीची आयडिया आहे. मग 'शोले'चा किस्सा वाचला.

15 ऑगस्ट 1975 ला 'शोले' लागला तेव्हा धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असंच धरलं होतं. थिएटरात लोक गप्प. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. शेवट बदलायचा का, इथपर्यंत चर्चा गेली. अनुपमा चोप्रांनी 'शोले'वरच्या पुस्तकात एक गोष्ट दिली आहे. वरळीच्या गीता सिनेमाच्या मालकांनी रमेश सिप्पींना सांगितलं, की काळजी करू नका, पिक्चर हिट आहे. कशावरून? तर म्हणे, माझी कोल्ड्रिंक आणि आईस्क्रीमची विक्री कमी झालीय. इंटरव्हलला लोक खुर्चीतून उठतच नाहीयेत, इतके सुन्न झालेत.

मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा आमच्या डेटा टीमचा एक जण दोन मिनिटं काही बोललाच नाही. सगळे लोक टाळ्या मोजत होते, आणि या माणसाने न विकलेल्या बाटल्या मोजल्या. पुढे लोक घरी जाऊन गाण्यांऐवजी गब्बरचे डायलॉग म्हणायला लागले, म्हणून डायलॉगची वेगळी रेकॉर्ड काढावी लागली. मिनर्व्हाला पिक्चर पाच वर्षं चालला. त्याच वर्षी थोड्या पैशांत बनलेला 'जय संतोषी माँ' पण तुफान चालला. तिथे बायका चपला बाहेर काढून आत जात होत्या, पडद्याला ओवाळत होत्या. 'लंका दहन' आठवला ना?

हे सगळं वाचत असताना मी सहज आजीला फोन केला. आजी पुण्याची, आता ऐंशी ओलांडलेली. विचारलं, 'आजी, तू लहानपणी कुठला पिक्चर बघितलास गं?' ती म्हणाली, 'सांगत्ये ऐका.' मला आधी वाटलं ती बोलायला सुरुवात करतेय.

'सांगत्ये ऐका' हे सिनेमाचं नाव. 1959, दिग्दर्शक अनंत माने, हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. पुण्यात विजयानंद थिएटरला तो 131 आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! तमाशातल्या बाईची गोष्ट. गावच्या पाटलाने केलेलं पाप शेवटी भर फडात, सगळ्या गावासमोर बाहेर येतं. पुढे हंसा वाडकरांनी आपल्या आत्मचरित्रालाही हेच नाव दिलं.

आजी तेव्हा सोळा वर्षांची होती. तमाशाचा पिक्चर चांगल्या घरच्या मुलींनी बघायचा नाही, असं तिच्या वडिलांनी सांगितलेलं. ती आणि तिची चुलत बहीण तुळशीबागेत जातो म्हणून निघाल्या आणि विजयानंदला गेल्या. पिक्चर बघितला, घरी आल्या, जेवल्या, झोपल्या. 'कसा होता पिक्चर?' हे कोण विचारणार? त्या गेल्या होत्या हेच कुणाला माहीत नव्हतं.

मी विचारलं, 'मग, कसा होता?'

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, 'तुला वेळ आहे का?'

रेकॉर्डिंग एक्केचाळीस मिनिटांचं आहे. पाटलाला शिक्षा कमी झाली असं तिचं ठाम मत आहे, पासष्ट वर्षांत ते बदललेलं नाही. गाणी तिला अजून पाठ आहेत. ती मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, म्हणून भांडी घासताना मनातल्या मनात म्हणायची. आणि अगदी शेवटी तिने सांगितलं, की त्या दिवशी इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा दोन रांगा पुढे त्यांच्याच वाड्यातल्या एक काकू बसलेल्या दिसल्या. काकूंनी मागे वळून बघितलं. दोन्ही पोरींच्या पोटात गोळा आला. आता घरी कळणार!

'मग?' मी विचारलं.

'मग काय. काकूंनी मान फिरवली. त्यांनी तरी घरी कुठं सांगितलं होतं! पण पुढे कितीतरी दिवस नळावर भेटल्या की आम्हा दोघींकडे बघून हसायच्या.'