'चौपाटी' : एका स्थलनामाचा प्रवास

मुंबईस आलेला प्रवासी गिरगावची चौपाटी पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. परंतु त्या नावात दडलेली भूमी त्याच्या दृष्टीस पडत नाही. 'चौपाटी' म्हणजे चार पाटांची जागा, असा अर्थ जुन्या गॅझेटियरकारांनी दिला आहे. भरतीचे पाणी येथे चार ओघांनी आत शिरत असावे, असे त्यावरून अनुमान होते. 'पाट' हा शब्द वाहत्या पाण्यासाठी मराठीत रूढ आहेच. शिवाय पालघरनजीकचे 'सातपाटी' हे मच्छीमारांचे गाव या व्युत्पत्तीस बळ देते. 'पट्टी'पासून हे नाव साधण्याचा मोह होतो, आणि ध्वनिदृष्ट्या ते अशक्य नाही. जोडव्यंजन सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे मराठीत नित्याचेच. तथापि वाळूच्या पट्ट्या चार किंवा सात अशा मोजण्याचे प्रयोजन काय, याचे उत्तर त्या पक्षापाशी नाही.

ते ओघ आज कोठेही दिसत नाहीत. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीत बॅकबे बुजविण्यासाठी कंपनी निघाली. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच भाव कोसळले व कंपनीही बुडाली. पुढे किनाऱ्याने रेल्वे आली, आणि विसाव्या शतकात भराव पडून मरीन ड्राइव्हचा सुमारे साडेतीन कि. मी. लांबीचा कमानदार रस्ता झाला. तेथील आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. किनाऱ्याची मूळ रेषा मात्र नावातच काय ती उरली.

या वाळवंटास केवळ विहारस्थान म्हणणे अपुरे होईल. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे दहन येथेच, भर पावसात, अफाट जनसमुदायासमोर झाले. १९३० साली मिठाचा कायदा येथे मोडला गेला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्रवादी श्रोत्यांनी येथेच उधळली. १९३४ पासूनचा लालबागचा राजाही विसर्जनास गिरणगावातून येथवर येतो.

दरम्यान विशेषनामाचे सामान्यनाम झाले. दादर, जुहू येथील किनारे 'चौपाटी' म्हणविले जाऊ लागले, ते समुद्रामुळे. पुण्यात मात्र सारसबागेलगतच्या खाद्यपदार्थांच्या गाड्यांसही हेच नाव पडले. तेथे पाट नाही, वाळू नाही, समुद्र तर नाहीच. शब्दाबरोबर घाट चढून गेली ती भेळ.