टिळकांच्या घरातला खानदेशी पोर
१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या पोरसवदा मुलाने सभा जिंकली. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. पदवीने पोट भरत नाही. ते भरले रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या नगरच्या घरात, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हातचे खाऊन. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले, मिशनचे उपदेशक; तेव्हा ही माया म्हणजे धर्मांतराचे आमिष, ही शंका रास्तच होती. दुष्काळातल्या मिशनच्या धान्यावरही हाच आक्षेप होता, आणि तो सगळीकडे खोटा होता असे म्हणवत नाही. पण इथे पुरावा उलट आहे: ठोमरे त्या घरात राहिले, रुसले, लाडावले आणि हिंदूच राहिले. एका कवीच्या पाहुणचारावरून इतिहास कसा मांडायचा, असे कुणी विचारील. मात्र लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की, त्यांच्या ओढगस्तीच्या संसारात परक्यांची पोरे वाढणे हा अपवाद नव्हता. त्यांची ख्रिस्ती आशा प्रवचनापेक्षा वाढीव पानात जास्त होती. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. टिळक पुढच्याच वर्षी.