वाळूतले श्रोते

इंग्लंडात बीबीसीचा 'रेडिओ वन रोडशो' १९७३पासून दर उन्हाळ्यात समुद्रकाठच्या गावांतून फिरायचा. मंच किनाऱ्यावर, ऐकणारे घरोघरी. आमच्या मद्रासने चाळीस वर्षं आधीच बरोबर उलटं केलं होतं : गाणारा खोलीत, श्रोते वाळूत. 'आमच्या' म्हणते, कारण शोळिंगनल्लूरला राहून मला आता पुण्यापेक्षा इथला उन्हाळाच जास्त ओळखीचा झालाय.

सुरुवात हौशी लोकांची. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांनी मे १९२४मध्ये मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब काढला आणि ३१ जुलैला प्रक्षेपण सुरू केलं. यंत्र ४० वॉटचं, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढी ताकद! १९२७मध्ये पैशांअभावी क्लब बंद पडला आणि यंत्र महापालिकेकडे गेलं. तिने १ एप्रिल १९३०पासून रोजचं प्रक्षेपण सुरू केलं. मुंबई-कलकत्त्याची खासगी रेडिओ कंपनी नुकतीच बुडाली होती, आणि इथे गटारं नि दिवाबत्ती बघणारी पालिका गाणी ऐकवत होती.

शाळेच्या दिवशी दुपारी चारला पालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी गोष्टी, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात कर्नाटक संगीत, रविवारी सकाळी युरोपीय संगीताच्या तबकड्या. अशी सगळी सरमिसळ. पण रेडिओ महाग, वर परवान्याचे वर्षाला १० रुपये. म्हणून पालिकेने मरीना, हायकोर्टाजवळचा किनारा आणि बागांमध्ये कर्णे लावले.

मला खरं शहाणपण वेळ निवडण्यात दिसतं. अग्निनक्षत्राच्या दिवसांत, मे महिन्यात, दुपारनंतर समुद्रावरून वारं सुटतं आणि उकाड्याने हैराण झालेलं शहर किनाऱ्याकडे निघतं. माणसं वाऱ्यासाठी यायची, गाणं आयतं कानावर पडायचं. तिकीट नाही, सभागृह नाही, खुर्चीवरून मानपान नाहीत. संगीतसभांच्या या शहरात ही गोष्ट लहान नव्हती.

१६ जून १९३८ला एग्मोरमध्ये ऑल इंडिया रेडिओचं केंद्र सुरू झालं आणि पालिकेचा रेडिओ संपला. ते केंद्र पुढे १९५४मध्ये मरीनाजवळच्या इमारतीत आलं. देशातलं पहिलं एफएम प्रक्षेपणही १९७७मध्ये याच शहरातून झालं.

शोळिंगनल्लूर २०११पासून चेन्नई महापालिकेत आहे. आमच्या अक्करैच्या किनाऱ्यावर मे महिन्यापुरतं, संध्याकाळचे दोन तास, बेताच्या आवाजात गाणं लावायला पालिकेने हरकत घेऊ नये. अनुभव तिच्या गाठीशी आहेच.